निळ्या माशाची थाळी

– नाही, नाही, पिशवीतून नकाशा काढायचाच नाही साहेब, ठेवा ती खाली नि बसा त्या तांदळाच्या पोत्यावर. तुमच्यासारखे टोपीवाले रोज बोटीतून उतरतात नि विचारतात, पोर्ट लुईसमध्ये सगळे धर्म एकत्र कुठे दिसतील? दिसतील की – कोपऱ्यावर मशीद, पलीकडे आमचा पॅगोडा, डोंगरावर मेरीमाता, आणि कचेऱ्या सुटल्या की सगळ्यांची एकत्र पळापळ बस-स्टँडवर. दिवस मावळला की मॉरिशसच्या या राजधानीत उरतं कोण? मी, उंदीर आणि बंदरातल्या क्रेन.

बोलू द्या हो मला आधी. आज ईद. अख्खा रस्ता बंद, मग चिन्याचंच दुकान उघडं का? गिऱ्हाइकासाठी – दुसरं काय? शेजारी इदरीस शिंपी, भिंतीला भिंत. ईदला त्याच्या बायकोकडून, रेहानाकडून, बिर्याणीची थाळी यायची, आमच्या नव्या वर्षाला तीच थाळी चिकट केक घेऊन परत जायची – रिकामी कधीच नाही. चिनी मातीची, काठावर निळा मासा. आणि ती बिर्याणी! एकदा रेहानानं झाकण काढलं, तर बंदराबाहेर पडलेली साखरेची बोट वळून परत आली. हसू नका. कप्तान इथेच बसला होता, तुमच्याच पोत्यावर, चमचा घेऊन.

आता इदरीस बिऱ्हाड हलवून गेला वर डोंगरातल्या कात्र बोर्नला, गार हवा खायला. पोरगी नजमा लंडनला लग्न करून बसली, जावयाचं तोंड आम्ही अजून पाहिलेलं नाही. आणि आमची मॉनिक – ती नाताळाच्या आधी गेली. हो, बायको. असू द्या, टोपी कशाला काढता? मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की थाळीचा कारभार रेहाना नि मॉनिक या दोघींचा. मग एक गेल्यावर थाळी कुणाला येणार – घराला की बाईला? सांगा ना. तुम्ही काय सांगणार, तुम्ही पाहुणे.

यंदा नव्या वर्षाचा केक मीच केला. त्यांच्यासाठीचं भांडं वेगळं, दांड्याला लाल दोरा बांधलेलं, त्याला जन्मात डुकराची चरबी लागली नाही – बरोबर तेच घेतलं. केक झाला विटेसारखा. बसमधून ती थाळी मांडीवर घेऊन वर गेलो. रेहानानं कापायला घेतला, सुरी वाकली, तरी म्हणते, छान झालाय भाऊ. छान झालाय म्हणे! छान झाला असता तर आज दुपार टळेपर्यंत थाळी आली नसती? मला काय, मी सकाळपासून जेवलोच नाही, भूकच नाही. दोन चमचे काढून ठेवलेत ते सवयीनं. मॉनिकचा चमचा उचलायचा राहतो रोज.

वाट कोण बघतंय? मी म्हणालो तसं? आणि तुम्ही मघापासून त्या पिशवीकडे काय बोट दाखवताय – सिगारेट हवी? हातवारे कसले करताय, दाखवा सरळ, काय आहे ते. फडकं बांधलंय... गरम आहे...

हा मासा.

नजमाचे तुम्ही? मग जावईबापू, इतका वेळ तोंडात काय – बरं, मीच बोलू दिलं नाही. रेहानाला सांगा, थाळी परत येईल, भरून येईल, केक मऊ करायला शिकतो म्हणावं. बाकी जे ऐकलंत ते सांगायचं नाही. चमचा घ्या. नाही, तो नाही, तो राहू दे. हा घ्या.

आणि आधी ते शटर खाली ओढा. बंदरात आज एक मोठी बोट सुटायची आहे.