यांची टिकटिक

हॅलो?... हां, बोल गं धाकटे. पोचलीस आमच्या घरी?... किल्ली जरा वर उचलून फिरव... उघडलं ना? बरं झालं. हळू बोलते हं, इथे हॉस्पिटलात हे झोपलेत. डॉक्टरीणबाई एवढ्यात येतील, त्यांना ते कार्ड हवंय, झडपेचं... अगं, अकरा वर्षांपूर्वी यांच्या हृदयात बसवली नाही का? कुठली, केवढी, सगळं त्यावर लिहिलंय. कपाटात मधल्या कप्प्यात निळी फाइल असेल.

हो, हो… अगं ऐक ना, सांगते सगळं. परवा मला धड बोलताच येत नव्हतं. तू शोधत शोधत ऐक.

तुला यांच्या झडपेची टिकटिक माहितीच आहे. शेजारी बसलं की ऐकू येते... हो, तू पहिल्यांदा आलीस तेव्हा भिंतीवर घड्याळ शोधत होतीस! तर हे वाचनालयात कामाला. परीक्षांचे दिवस, मुलं मान खाली घालून बसलेली, आणि हे पुस्तक द्यायला गेले की टिक, टिक. एका पोरीनं तर चिठ्ठीच दिली, 'काका, तुमचं घड्याळ बाहेर ठेवाल का?'... हसू नकोस, यांनी फार मनाला लावून घेतलं. म्हणून मी स्वेटर विणला. बिनबाह्यांचा, छातीवर दुहेरी लोकरीचा... तोच, मातकट रंगाचा.

आठवडा झाला घालून आणि आवाज कमी. मग आणखी कमी. मी अशी फुशारले म्हणून सांगू! शेजारणीला बोलावून दाखवलं, 'बघा, येतोय का आवाज? हातात कला लागते.'... कप्पाळ माझं! स्वेटर तोच, माणूस तोच, मग पहिल्या दिवशी का नाही कमी झाला? एवढं साधं डोक्यात शिरलं नाही बघ.

नाही सापडली? मग खालच्या कप्प्यात बघ, चादरींखाली.

तर परवा सकाळी हे अंघोळीला निघाले. स्वेटर काढून खुर्चीवर टाकला आणि उघड्या छातीनं माझ्यासमोर उभे, टॉवेल कुठाय विचारतायत. आणि टिकटिक नाही... नाही गं, अगदीच बंद नाही. कान लावला तर आत कुठेतरी, गादीखालून यावी तशी ठप, ठप. टॉवेल राहिला बाजूला, मी रिक्षाच बोलावली... हो, यांना दम लागत होता थोडा. जिन्यावर थांबायचे, म्हणायचे वय झालं.

इथे आणलं तर नाडी ठीक, रक्तदाब ठीक, कार्डिओग्राम ठीक. पहिला जो डॉक्टर भेटला तो म्हणतो, 'बाई, तुम्ही घाबरलायत, बसा.' म्हटलं, घाबरले तर आहेच, पण अकरा वर्षं हा आवाज ऐकतेय, मला शिकवू नका. तेवढ्यात या डॉक्टरीणबाई आल्या. वयानं लहान आहेत गं, पण काय बाई आहे! एकच विचारलं, 'आधी कसा होता, आता कसा आहे?' मी टेबलावर किल्ली वाजवून दाखवली. मग तीच किल्ली रुमालात गुंडाळून वाजवली... हो ना, खुळ्यासारखं! पण त्यांनी पंखा बंद केला, दार लावलं, सगळ्यांना गप्प केलं आणि नळी लावून कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. श्वास रोखा, पुढे वाका, कुशीवर वळा. मग म्हणाल्या, 'तुमचं बरोबर आहे. ही झडप मिटताना खणखणीत वाजायला हवी, तशी वाजत नाहीये.' लगेच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला पाठवलं. झडपेच्या दोन पाकळ्या असतात, त्यातली एक रक्ताच्या गुठळीनं अडकलेली.

आता गुठळी विरघळवायचं औषध चाललंय. सकाळी पुन्हा इको झाला, त्या बघून आणि ऐकून सांगणार. पाकळी सुटली असेल तर ठीक, नाहीतर उद्या पुन्हा छाती उघडायची... नको गं बोलूस ते. मला फार भीती वाटतेय.

काय सापडलं?... कार्ड! देव पावला. मग अशी का बोलतेस?... काडेपेटी? फाइलमध्ये काडेपेटी कशाला?... गोळ्या? कसल्या, गुलाबी?... अगं, त्या गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या! मी रोज संध्याकाळी वाटीत काढून ठेवते, सकाळी वाटी रिकामी असते... मोज बरं. नीट मोज... नऊ?

थांब हं. अहो! उठा, सोंग पुरे. त्या काडेपेटीत काय आहे?... काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला, हिलाही कळू दे... ऐकलंस? वाचनालय उशिरापर्यंत उघडं, दमून येऊन तसेच झोपायचे, आणि सकाळी गोळी दिसली की मी रागावेन म्हणून लपवायचे! डॉक्टरांनाही सांगितलं, 'रोज घेतो.'... अहो, मी काय खाते का तुम्हाला? जीव जात होता आणि भीती कसली, तर बायकोची!

तुझे भाऊजी कान धरतायत स्वतःचे... अहो राहू द्या, हाताची सुई निघेल!

हो गं, मी तरी कुठली शहाणी? स्वेटरचं कौतुक करत बसले. दोघं एकाच माळेचे मणी.

श्श, आल्या... या डॉक्टर. कार्ड मिळालं, बहीण घेऊन येतेय. आणि एक सांगायचंय... यांनी नऊ दिवस गोळी घेतली नाही... हो, आत्ताच कळलं... इको कसा आलाय?... आधी ऐकते म्हणतात. धाकटे, फोन ठेवू नकोस, पण बोलूही नकोस.

...

पंखा बंद केला... ऐकतायत... डोळे मिटलेत त्यांनी... अजून ऐकतायत.

...

अगं... अगं, हसतायत! सुटली म्हणतात पाकळी! इकोतही सुटलेली दिसते. ऑपरेशन नाही, गं, नाही करायचं!... कोण रडतंय? बरं, रडतेय, तुझं काय जातं?

थांब, थांब, गप्प... पंखा अजून बंदच आहे... मला येतंय ऐकू. इथून, खुर्चीवरून. कान न लावता.

हो, कार्ड आण, सावकाश ये... नंतर सांगते गं सगळं. आता ठेव ना फोन, मला ऐकू दे.