काकू नाव घेत नाई

चहा घ्या, आन् आमच्या काकूची गंमत ऐका. ताडोब्याच्या बाजूले मी गाईडचं काम करतो ना, तं एक जर्मन बाई मोहफुलं वेचणं पाहाले काका-काकू आन् माह्या संग जंगलात आली. तिनं विचारलं, इथी अस्वल येते काय? मी ते काकूले मराठीत सांगाले गेलो, तं काकूनं माह्या तोंडावर हातच ठेवला.

"जंगलात त्याचं नाव नाई घ्यावं. घेतलं का येते. काळा म्हण."

बाईले हे सांगतलं तं ती खुश! म्हणे, "आमच्याकडंही असंच झालं. भीतीपायी जर्मनीत त्याले 'तपकिरी' म्हणत गेले, रशियात 'मध खाणारा'. खरं जुनं नाव दोघंही विसरले. फ्रान्सवाल्यायच्या शब्दात मात्र ते उरलं."

मी हे काकूले सांगतलं, तं तिले पटेच ना. "नाव घेतलं नाई म्हून कोणी विसरते काय? लग्नाले चाळीस वर्सं झाली, मी यायचं नाव घेतलं नाई. विसरली काय मी?"

मागं टोपली घेऊन काका उभे होते. लाजत म्हणाले, "मंग घे ना आज एकदा."

"कायले?" काकूनं फुलं वेचता वेचता म्हटलं. "न घेताच तं मागं मागं येऊन राह्यले तुमी!"