आंघोळ झाल्याशिवाय सही नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विहार संस्थेचे वडीलधारे आयुष्मान रत्नपाल अण्णा, मूळचे आपल्या औरादचे पण इंग्लंडहून खास आलेले आयुष्मान सुगतजी, व्यासपीठावरचे सर्व विश्वस्त, आजच्या सत्कारमूर्ती कोंडाबाई अक्का, वसतिगृहातल्या मुलींनो आणि जमलेल्या उपासक-उपासिकांनो, सर्वांना सविनय जय भीम.

मघाशी अक्कांनी मला बाजूला घेऊन बजावलंय, "गुरुजी, वाढवून सांगू नका. झालं तेवढंच सांगा." बावीस वर्षं मी या संस्थेचा सेक्रेटरी. अहवाल मीच लिहितो. वाढवून सांगण्यात एके काळी माझा हात धरणारा या तालुक्यात कुणी नव्हता, हे अक्का पुरतं ओळखून आहेत.

अक्का आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकीण. त्यांना आम्ही विश्वस्त कशासाठी केलं? त्यांचा सन्मान म्हणून? नाही हो. नववी जागा बाईसाठी राखीव होती आणि स्वयंपाकघरातली बाई काही विचारणार नाही, असा आमचा हिशोब होता. परदेशी जाणाऱ्या अहवालावर नऊच्या नऊ सह्या लागतात, एवढंच त्यांचं काम.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मुली बोअरजवळ चार बांबूंना साड्या गुंडाळून पहाटे आंघोळ उरकायच्या. एकदा रस्त्यावरून कुणीतरी शीळ घातली. नववीतल्या ज्योत्स्नाला तिची आई त्याच दिवशी गावी, मंठाळला घेऊन गेली. शाळा सुटली पोरीची. मग सुगतजींच्या इंग्लंडमधल्या मंडळानं आठ न्हाणीघरांसाठी पैसे पाठवले. तिकडं दवाखान्यात, गोदामात राबणाऱ्या आपल्याच माणसांनी पगारातून काढलेले ते पैसे. ज्या कामाला आले त्याच कामाला लागले पाहिजेत, असा कायदाही आहे.

आणि आम्ही काय केलं? जयंती तोंडावर आली होती. रस्त्यावरून दिसेल अशी कमान बांधायची ठरवून गुरप्पा मिस्त्रीला त्यातूनच उचल देऊन मोकळे झालो. "न्हाणीघर कुणाला दिसतं?" हे वाक्य माझं. तिकडं अहवाल लिहिला की आठही न्हाणीघरं पूर्ण झाली असून मुली त्यांचा लाभ घेत आहेत. सोबत फोटो जोडला, तो एका लॉजच्या बाथरूमचा. आठ सह्या झाल्या. अक्का म्हणाल्या, "मला वाचून दाखवा."

मी वाचलं. अक्का उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. वाटलं, चहा टाकतील. आल्या त्या हातात गरम पाण्याची बादली आणि खांद्यावर टॉवेल घेऊन.

"चला, दावा."

"काय दाखवू, अक्का?"

"झालीत म्हणायलाव न्हवं? मी न्हाऊन येते, मग सही करते."

आम्ही हसलो. त्या मात्र चालू लागल्या. पुढं अक्का, मागं आम्ही आठ जण, अशी वरात मागच्या मोकळ्या जागेवर पोचली. तिथं बाभळी होत्या आणि कमानीसाठी टाकलेला खडीचा ढीग होता. अक्कांनी बादली खाली ठेवली. पाण्याची वाफ निघत होती.

"गुरुजी, दार कुठंय?"

रत्नपाल अण्णा म्हणाले (अण्णा, माफ करा, झालं तेवढंच सांगायचंय), "अक्का, सही न्हाई केली तर तिकडून पैसे बंद होतील. तुमचा पगार बी त्यातलाच हाय."

"व्हय, माहिताय. होऊ द्या बंद. एक ज्योत्स्ना गेली. आता अजून कुणाकुणाला घरी पाठवायलाव?"

पाणी निवेपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्या रात्री पहिला खरा अहवाल लिहिला. काम सुरू नाही, पैसे दुसरीकडं वळवले, आमची चूक झाली. गुरप्पाची उचल आम्ही आठ जणांनी खिशातून भरली. माझी मोटारसायकल त्यात गेली आणि दोन वर्षं मी बसनं हिंडलो. सुगतजींच्या मंडळानं पुढचा हप्ता रोखला, आणि बरोबरच केलं. पाच महिने अक्कांनी बिनपगारी स्वयंपाक केला. पण आठही न्हाणीघरं उभी राहिली! पहिली आंघोळ अक्कांनी केली, ओल्या केसांनी सही केली आणि त्याच दुपारी मंठाळची बस धरून ज्योत्स्नाला परत आणलं.

तेव्हापासून वापरून पाहिल्याशिवाय सही नाही, हा आपला नियम. चुलीवर भात शिजला की स्वयंपाकघर पूर्ण. मुलगी पलंगावर झोपून उठली की पलंग मिळाले. नऊ वर्षांत एका पैशावर ऑडिटचा शेरा नाही, वीसच्या चौसष्ट मुली झाल्या आणि ही दोन मजली इमारत उभी राहिली. मला याचा अभिमान वाटतो, तो मी लपवणार नाही.

आता एक अवघड गोष्ट. पत्रिकेत या इमारतीचं उद्घाटन छापलंय, दारात फीत बांधलीय. अक्का आता निवृत्त होतायत; त्यांच्या जागी आलेल्या नव्या विश्वस्तांपुढं काल मी इमारतीचा अहवाल ठेवला. त्या म्हणजे आपली ज्योत्स्नाच, आता बीदरला बँकेत आहे. तिनं विचारलं, "गुरुजी, बादली कुठंय?" वर गेली आणि तिसऱ्या न्हाणीतून डोक्याला साबण तसाच घेऊन बाहेर आली. नळाला पाणी नव्हतं. तिनं सही केली नाही.

मी चिडलो. पाहुणे इंग्लंडहून निघालेत, एका नळासाठी अडवतेस? अक्का मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या. स्वतःची बादली त्यांनी ज्योत्स्नाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता मी निवांत घरी जाते."

म्हणून सुगतजी, इतक्या लांबून आलात, पण फीत आज कापायची नाही. नळवाला सोमवारी येतोय.

आपण सर्व आलात, शांतपणे ऐकलंत, मनापासून आभारी आहे. बोलताना कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि यात एक शब्द जरी वाढवून सांगितला असेल, तर अक्कांनी इथंच उठून सांगावं.

अक्का बसूनच आहेत. म्हणजे सही झाली. जय भीम.