गणपतराव पोस्टमनची सुरांची पेटी

मंडळी, चित्त जरा इकडे द्या! आज एकच प्रश्न आपल्यापुढे मांडतो. मनुष्य ऐकतो, ते कशाने?

कानाने! — असे आपण तत्काळ म्हणालात. बरे! सुनेने केलेली भाजी अळणी लागते. तीच भाजी लेकीने वाढली, की जिभेला अमृताचा साक्षात्कार होतो. भाजी एक, जीभ एक, मग चव कुठून आली हो? मावशी, तोंडाला पदर लावू नका, प्रश्न सर्वांनाच आहे! जिभेची ही अवस्था, तर कानाची काय असेल? याचा निवाडा माझ्यासारख्या अल्पमतीने करू नये. तो करतील मिरजेचे गणपतराव कडेपूरकर. ऐका!

हे गणपतराव म्हणजे निवृत्त पोस्टमन. गृहस्थ सज्जन, निर्व्यसनी — व्यसन एकच, गाणे! आणि या व्यसनाचा सोबती हमीदभाई. तंबोऱ्याची जवारी लावणारा थोर कारागीर. जवारी म्हणजे काय? तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, तारेखाली, सुताचा एक बारीक दोरा सरकवतात. दोरा तांदळाच्या दाण्याएवढा इकडे, तर तार मुकी. तेवढाच तिकडे, तर तार गुंजारव करू लागते! हे काम मापाने होत नाही, मंडळी. ते केवळ कानाने होते. हमीदभाईचा कान हीच त्याची विद्या, हीच त्याची अब्रू.

दर रविवारी सकाळी हमीदभाई गणपतरावांच्या घरी यायचा. चहा, पोहे आणि गाणे. आता कलियुगात तबकडी गेली, कॅसेट गेली. गाणे कुठल्या दूरदेशीच्या यंत्रातून निघते, इंटरनेटवरून घरच्या राउटरमध्ये उतरते आणि वायरीतून स्पीकरच्या यंत्रात शिरते. अद्भुत आहे!

तर एकदा गणपतराव सांगलीच्या एका दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "काका, तुमचा राउटर साधा आहे. राउटर आणि स्पीकरच्या मध्ये ही खास पेटी बसवा, ही जाड वायर लावा. आवाजाला मखमल येईल, मखमल!"

गणपतरावांच्या अंतःकरणात एकदम प्रकाश पडला. 'एवढ्याशा दोऱ्याने तंबोरा बदलतो, तर एवढ्या थोरल्या पेटीने गाणे का बदलू नये?' पाहा, मनुष्य फसतो तो अज्ञानाने फसत नाही. अर्ध्या ज्ञानाने फसतो. पेटी घरी आली. हिरवे दिवे लुकलुकू लागले. आणि गणपतरावांना मखमल ऐकू आली!

पुढच्या रविवारी हमीदभाई आला. गणपतरावांनी मुद्दाम काही सांगितले नाही. गाणे संपले.

"काय हमीद, फरक?"

"कशात?"

"आवाजात रे! नवी पेटी घेतलीय. मागच्या रविवारी नव्हती."

हमीदभाईने मान हलवली. "गणपा, जसं मागच्या रविवारी होतं, तसंच आहे. उन्नीस नाही, बीस नाही."

"दोऱ्याने फरक पडतो, मग पेटीने नाही?"

"अरे, दोरा तारेला शिवतो. तुझी पेटी कुणाला शिवते?"

वाहवा! केवढे वचन! पण अभिमान जागा झाला, की वचन उंबऱ्याबाहेरच थांबते. गणपतराव रात्रभर धुमसले. सोमवारी सकाळी हमीदभाईच्या दुकानात गेले. तिथे कोण? बेळगावच्या गायिका सुमित्राबाई, आपला तंबोरा जवारीला घेऊन आलेल्या. आणि त्यांच्यासमोर गणपतराव काय बोलून गेले?

"बाई, तंबोरा याच्याकडे देताय? याचे कान गेलेत!"

अरेरे! सुताराला म्हणावे तुझे हात थोटे, तसे हे! हमीदभाईने चिमटीतला दोरा तेवढा खाली ठेवला.

तो रविवार सुना गेला. पुढचाही गेला. तिसऱ्या रविवारी गणपतराव एकटेच ऐकत बसले होते, आणि मनाची समजूत घालायला पत्नीला म्हणाले, "इंदुमती, ऐकलंस? काय स्वच्छ स्वर! पेटीचा गुण आहे हा!"

इंदुमतीबाई शेंगा सोलत होत्या. "कुठली पेटी?"

"कुठली म्हणजे? नवी!"

"ती होय! ती मी केव्हाच काढली की. देवघरापाशी लुकलुक लुकलुक, जपात लक्ष लागेना. वायर होती तशी जुन्या राउटरात खोवली. पेटी तांदळाच्या डब्यामागं आहे."

गणपतरावांचा चष्मा नाकावरून घसरला. "केव्हा? केव्हा काढलीस?"

"हमीदभाई शेवटचे आले ना, त्याच्या आदल्या शनिवारी. तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही गाणं ऐकत होता. हो हो म्हणालात."

मंडळी! लक्षात आले का? हमीदभाईने 'तसेच आहे' म्हटले, तेव्हा ते खरोखर तसेच होते! कान त्याचा शाबूत. आणि आमचे गणपतराव? डब्यामागच्या पेटीची मखमल तीन आठवडे पांघरून बसलेले!

इंदुमतीबाई थांबल्या नाहीत. "अहो, पस्तीस वर्षं पत्रं वाटलीत. सरकारनं नवी सायकल दिली, म्हणून कुणाच्या पत्रातला मजकूर गोड झाला का? पत्र पोचतं, नाहीतर हरवतं. गाण्याचंही तसंच. पोचलं तर पुरतं पोचतं, नाहीतर अडखळतं, बंद पडतं. वाटेत मखमल कोण लावणार?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "हमीदभाईंची बायको बाजारात भेटली होती. ते दोरा लावतात, काढतात. पुन्हा लावतात, पुन्हा काढतात. स्वतःच्या कानावर भरवसाच राहिला नाही म्हणाली. बेळगावच्या बाई आज तंबोरा तसाच परत न्यायला येणार आहेत."

आता गणपतरावांपुढे दोन वाटा. पेटी गुपचूप पुन्हा जोडावी — कोणाला कळणार? किंवा चप्पल घालावी. मी असतो तर... जाऊ द्या, माझे कशाला विचारता!

गणपतरावांनी चप्पल घातली. दुकानात सुमित्राबाई तंबोऱ्याला गवसणी चढवत होत्या. हमीदभाई भिंतीकडे तोंड करून बसलेला.

"बाई, थांबा," गणपतराव म्हणाले. "ज्या दिवशी याला मी बहिरा ठरवलं, त्या दिवशी घरात पेटी नव्हतीच. आमच्या हिनं काढून ठेवली होती. यानं खरं तेच ऐकलं. मी नसलेल्या पेटीची मखमल ऐकली. कान माझे गेलेत. याचे गेलेत, असं मी तुमच्यासमोर बोललो होतो, म्हणून तुमच्यासमोरच सांगतो."

हमीदभाई हळूच वळला. "नव्हतीच?"

"नव्हती."

"आणि तीन आठवडे तू..."

"रोज. शेजाऱ्यांनाही बोलावून ऐकवलं."

"त्यांना आली मखमल?"

"सगळ्यांना आली! चहा पीत होते ना."

हमीदभाई असा हसला, असा हसला, की भिंतीवरच्या सतारी झणाणल्या! मग सुमित्राबाईंनीच गवसणी उतरवली. हमीदभाईने तंबोरा मांडीवर घेतला. दोरा सरकवला. थांबला. केसभर मागे घेतला. तार छेडली, आणि ती खोली, मंडळी, गाभाऱ्यासारखी भरून गेली!

"कसं वाटतं?" त्याने विचारले.

सुमित्राबाई बोलणार, तोच गणपतराव म्हणाले, "बाईंना विचार रे. माझ्या कानाचं काय खरं?"

"त्यांना मागून विचारतो," हमीदभाई म्हणाला. "आधी तू सांग."

मंडळी, इथवर कथा. आता तुमची पाळी! पेट्या काय, ज्याच्या त्याच्या घरी असतात: कुणाची जातीची, कुणाची शिक्षणाची, कुणाची मोठेपणाची. त्यातून आपल्याला मखमल ऐकू येते, आणि ज्याला येत नाही, त्याला आपण बहिरा म्हणून मोकळे होतो — चारचौघांत! मग पश्चात्ताप झालाच, तर तो मात्र एकांतात करतो. असे चालेल काय?

ज्याला तुम्ही असे बोललात, तो कदाचित याच मंडपात बसला असेल, तिसऱ्या ओळीत, खांबाच्या आड. अहो, माझ्याकडे काय पाहता? त्याच्याकडे पाहा! उठा, जागा बदला, त्याच्याशेजारी जाऊन बसा. नामाचा गजर त्यानंतर करू. टाळकरी थांबतील, मृदंग थांबेल, मीही थांबतो.

उठा!