मामाची तारीख

एआय धंद्यात कामी येते का, हे मले विचारून राह्यले, तर ऐका. आदिलाबादले माहा मंडपाचा धंदा हाये. लग्नसराईत दिवसभर मी बांबू अन् कापडात, फोन उचलणं काही होत नाही. म्हणून बायकोनं माह्या व्हॉट्सअॅपवर एआय बसवलं. गिऱ्हाइकानं तारीख विचारली की ते आमचं बुकिंग पाहून आपणच उत्तर देते. काम चोख, नावं ठेवाले जागा नाही.

तामसीच्या माह्या बहिणीनं त्याच नंबरवर तारीख पाठवली. "दादा, पोरीचं लग्न ठरलं. मामा म्हणून तुलेच उभं राहा लागते."

त्या तारखेले इंद्रवेल्ली गावच्या मंडपाचं काम आमी आधीच घेतलं होतं. उत्तर गेलं, "क्षमस्व. या तारखेला आम्ही उपलब्ध नाही."

ती भडकली. "मंग काय मी दुसरा मामा पाहू?"

"काळजी नसावी. पर्यायी व्यवस्था आमच्याकडून करून मिळेल."

संध्याकाळी मी हे वाचलं. तिले फोन लावला, तर आता ती उचलेना. दुसऱ्या दिवशी पह्यल्या बसनं तामसी गाठली. सारा रस्ता, तिले काय सांगावं ते जुळवत होतो. बहिणीनं दार उघडलं, मले वरून खाली पाह्यलं अन् शांतपणे विचारलं, "दादा, तू सोता आला, का हे पर्यायी व्यवस्था होय?"