नऊ नंबर विझत नाही

लाइटवाली: ...बोर्डावरची फेडरची पट्टी पार खाली, शून्यावर आणली तरी टेबलावरचा दिवा मिणमिणतोच आहे. आणि वर चढवायला गेलं की नुसता फडफडतो.

काका: थांब, थांब. आधी तू कोण ते सांग. मग दिव्याचं.

लाइटवाली: सॉरी काका. मी थिएटरमधून बोलतेय. तुम्ही निवृत्त झालात ना, तुमच्या जागी लाइटला मी आले. डिमरच्या कपाटाच्या दाराला आतून तुमचा नंबर लिहिलाय, पेन्सिलीने. वर ‘अडलं तर’ असं.

काका: अजून आहे होय तो? अकरा महिने झाले. मला वाटलं, एव्हाना रंग मारला असेल त्याच्यावर.

लाइटवाली: आहे अजून. पण काका, माझं जरा घाईचं आहे. आता दोन वाजलेत, सातला पहिला प्रयोग. शेवटच्या प्रवेशात बाई टेबलावरचा दिवा बारीक बारीक करत नेते आणि सगळा काळोख. नाटक तिथेच संपतं. दिवा मिणमिणत राहिला तर लोक हसतील. दिग्दर्शक म्हणतात, तीनपर्यंत जमलं नाही तर उद्यापासून बाहेरचा माणूस बोलवतो. पाचावर धारण बसलीय माझी.

काका: डिमरच्या नऊ नंबरवर आहे ना तो?

लाइटवाली: तुम्हाला कसं कळलं?

काका: टेबलावरचा दिवा नऊवरच असतो. मीच ठरवलेलं. कालपर्यंत नीट होता?

लाइटवाली: परवापर्यंत एकदम व्यवस्थित. काल तर मी कशाला हातही लावला नाही. म्हणजे आवराआवर केली, तेवढीच. बोर्ड पुसला, केबली गुंडाळल्या, रंगमंचाखालची ती खोली झाडली, तिथे उगाच एक बल्ब जळत होता तो काढला, कपाटावरची धूळ काढली. बस.

काका: खालची खोली झाडलीस?

लाइटवाली: झाडली. का हो?

काका: काही नाही. असं कर, आधी दिव्यातला बल्ब बदल.

लाइटवाली: बदलला. दोनदा.

काका: मग मेन बंद कर, कपाट उघड आणि नऊ नंबरचे स्क्रू आवळ. सावकाश. मी आहे फोनवर.

लाइटवाली: आवळले. घट्टच होते.

काका: असणारच. दर महिन्याला आवळायचो मी. तू जेवलीस का?

लाइटवाली: काय?

काका: जेवलीस का, विचारलं. रिकाम्या पोटी त्या कपाटात हात घालू नये.

लाइटवाली: बिस्किटं खाल्ली. हं, मेन चालू केलं. तसाच फडफडतोय हो.

काका: मग केबल बघ. टेबलापासून विंगेतल्या सॉकेटपर्यंत हाताने चाचपत जा. कुठे दुमडलीय का, कुठे चिरडलीय का. डाव्या विंगेतला लाकडी जिना आहे ना अजून? तिसरी पायरी सांभाळ, हलते ती.

लाइटवाली: हलते, माहितीये. केबल ठीक आहे. दुसरी लावून पाहिली, तरी तेच.

काका: पडदा कुठला आहे सध्या? जांभळाच?

लाइटवाली: काका, अडीच वाजले.

काका: बरं, बरं. आता नऊला छोट्या दिव्याऐवजी मोठा लाव. हजार वॉटचा.

लाइटवाली: लावते. एक मिनिट... हा तर छान चढतोय. उतरतोयही. शून्यावर पार काळोख.

काका: हं.

लाइटवाली: म्हणजे डिमर ठणठणीत आहे. मोठा दिवा पेलतो आणि छोटाच पेलत नाही, असं उलटं कसं? छोट्याचा भार पुरत नाही त्याला. आपल्याला काही जोडलंय हेच त्याला कळत नसेल. पण मग परवापर्यंत कळत होतं. परवा छोट्याच्या जोडीला आणखी काहीतरी...

काका: बोल.

लाइटवाली: खालच्या खोलीतला बल्ब.

काका: दोनशेचा. तो नऊवरच जोडलाय. त्याचा उजेड प्रेक्षकांना दिसत नाही, पण डिमरला भार मिळतो, म्हणून वरचा छोटा दिवा शहाण्यासारखा वागतो.

लाइटवाली: काका, बल्ब काढल्याचं मी तुम्हाला पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं होतं.

काका: हो.

लाइटवाली: म्हणजे तुमच्या तेव्हाच लक्षात आलं.

काका: तेव्हाच.

लाइटवाली: आणि तरी अर्धा तास मला स्क्रू आवळायला लावलेत? माझा जीव टांगणीला, दिग्दर्शक पायरीवर बसून घड्याळ बघतायत, आणि तुम्ही पडद्याचा रंग विचारताय. का, पण?

काका: तू लगेच फोन ठेवला असतास.

लाइटवाली: म्हणजे?

काका: बल्ब परत लाव, एवढं म्हटलं असतं तर थँक्यू म्हणून ठेवला असतास. अकरा महिन्यांत त्या नंबरवर कोणाला काही अडलं नाही. घरात एक टीव्ही बोलतो, तोही माझं ऐकून घेत नाही. कोणी मला काही विचारतंय, मी सांगतोय, समोरचा माणूस हो म्हणतोय... बरं वाटत होतं. चुकलं माझं. जा, बल्ब लाव.

लाइटवाली: चुकलंच. ठेवते मी.

(फोन बंद. वीस मिनिटांनी पुन्हा वाजतो.)

काका: लागला?

लाइटवाली: लागला. आता पार विझतोय. दिग्दर्शकांना दाखवला. उठून चहाला गेले, म्हणजे पसंत असावा.

काका: मग झालं तर.

लाइटवाली: आभार मानायला केलेला नाही फोन. राग आहेच माझा. एक विचारायचं होतं. काल झाडताना लक्ष गेलं नव्हतं, आता बल्बखाली बघितलं. खुर्ची आहे तिथे, उशी बांधलेली. आणि उशीच्या कडेला चार-पाच सुया टोचून ठेवल्यात, दोरा ओवलेल्या.

काका: तशाच आहेत?

लाइटवाली: गंजल्यात. कोण बसायचं तिथे?

काका: आमची ही. तिला घरी एकटीने जेवायला आवडायचं नाही. मग प्रयोग असला की डबा घेऊन यायची आणि खाली बसायची, कलाकारांच्या कपड्यांना बटणं लावत. वर गर्दीत गुदमरायचं तिला. त्या खोलीत दुसरा दिवा नाही. वर नऊ नंबर लागला की खाली तिला उजेड. वरचा मंद झाला की तिचाही मंद. सत्तावीस वर्षांत तिने एक नाटक धड पाहिलं नाही, पण उजेडावरून कुठला प्रवेश चाललाय ते अचूक सांगायची.

लाइटवाली: आणि नाटकात टेबलावर दिवाच नसला तर?

काका: तर मी नऊवर काहीतरी ठेवायचोच. कधी खिडकी, कधी दारामागचा उजेड. दिग्दर्शक विचारायचे, हा दिवा कशासाठी? मी म्हणायचो, शोभतो. आणि शेवटचा फेडर मी फार सावकाश उतरवायचो. त्यावरून बोलणी खाल्लीत. पण तिच्या हातातलं काम अर्धवट राहायला नको ना. मी खाली जाईपर्यंत तिने डबा उघडून ठेवलेला असायचा.

लाइटवाली: त्या गेल्यावर?

काका: वर्षभर आलो की कामाला. रोज खाली जाऊन बल्ब पुसायचो. खुर्ची हलवली नाही. मग वय झालं म्हणाले. आता घरी मी एकटा जेवतो. तिला का आवडायचं नाही ते फार उशिरा कळलं मला.

लाइटवाली: काका, खुर्ची काल मी भंगारात टाकणार होते. जड होती म्हणून राहिली.

काका: बरं झालं राहिली.

लाइटवाली: हं.

काका: ठेवू का मग? तुझी कामं असतील.

लाइटवाली: संध्याकाळी या ना. वर लाइटच्या बूथमध्ये दुसरं स्टूल आहे, रिकामंच असतं. प्रयोगभर मी तिथे एकटी असते. सगळे हेडफोनमधून ओरडायला येतात, बोलायला कोणी येत नाही.

काका: वर नको.

लाइटवाली: जिना चढवत नाही?

काका: चढवतो की. पण मी खालीच बसेन. संपलं की तू खाली ये. डबा आणतो, दोघांपुरता. बिस्किटांवर राहू नकोस.

लाइटवाली: येते. अजून काही?

काका: शेवटचा फेडर तेवढा सावकाश उतरव.

लाइटवाली: किती सावकाश? सेकंद सांगा, लिहून घेते.

काका: सेकंद कधी मोजले नाहीत गं. एक बटण लावून होईल, इतका.