शूशनच्या गळ्यातलं पान

उंदरांनीच खाल्लं ते पान, भाऊ, सांगते ना. चर्चमधला दिवा रोज मी लावते, झाडलोट माझी, तिथले उंदीर मला ठाऊक नसणार तर कुणाला — अंत्युखियातल्या तुमच्या बिशपसाहेबांना? घ्या, डाळ घ्या, गार होईल. गाढवाच्या पाठीवरची ती नवी पुस्तकं उतरवलीत ना? उन्हात पानांचं कातडं आखडतं. प्रभूच्या शुभवर्तमानाची चार पुस्तकं. आमचं एकच होतं. चौघांनी लिहिलेलं कुणीतरी एकात एक गुंफलेलं, माझ्या आजीनं तेच ऐकलं, त्यावरच आमची लग्नं लागली, मयतं झाली — आणि आता तुम्ही सांगता, गुंफणारा पाखंडी होता, सूरियाभरची असली पुस्तकं गोळा करून जाळायची. बरं. जाळा. सकाळी गुरियाबाबांनी निमूट आणून दिलंच की तुमच्या हातात. पाद्री असून एका शब्दानं भांडले का? मग एका पानापायी त्या म्हाताऱ्याला गोठ्यात बांधून ठेवायचं म्हणजे काय? म्हणे पान लपवलंय, पुढे त्यावरून सगळं परत लिहून काढतील. एका पानातून अख्खं पुस्तक उगवतं होय, कांद्यासारखं?

काय? कड सरळ आहे? दाखवा. हं. मग उंदीर सरळ खाणारा असेल. सुरीनं कापलंय म्हणता — सुरीनं नाही हो, सुरीनं कातडं चुरगळतं, असं एका ओढीत जायला वेल छाटायचा कोयता लागतो — म्हणजे लागत असेल, असं आपलं म्हणते मी. कोयते काय, गावात घरोघरी आहेत.

बाबा काही बोलले का तुम्हांला? नाही ना. नाहीच बोलायचे. पान गेलं त्याच्या पुढच्याच रविवारी नेमकं तेच वाचायचं होतं. त्या अधिकाऱ्याची मेलेली पोरगी उठून बसते आणि प्रभू सांगतात, हिला काहीतरी खायला द्या, ते. मी शेजारी दिवा धरून उभी. बाबांनी पान उलटलं, थांबले. दिवा हलला. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं — आणि तोंडपाठ म्हणत गेले, डोळे पुस्तकावर, जसं काही तिथं लिहिलंय. पुढं दर वर्षी तसंच. गावाला पत्ता नाही. मला कधी विचारलं नाही त्यांनी. विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते, मग भांडले असते, आणि मोकळी झाले असते. नाहीच विचारलं.

तिकडे काय बघता? निजलीय ती. शूशन, माझी धाकटी. धाकटी कसली, आता एकुलती — आधीची तिघं टेकडीवर पुरलीत, तिघंही तापानं. हीपण तेव्हा तशीच तापली. डोळे फिरवले होते पोरीनं. इथं सगळ्याच आया पोरांच्या गळ्यात देवाचं काहीतरी लिहिलेलं बांधतात, तुमच्याही आईनं बांधलं असेल, आठवून बघा. पण लिहून देणारा दोन गावं पलीकडे, आणि ताप इथं, मांडीवर. मला अक्षरं जेमतेम लागतात, पण ते पान ओळखायचे — कोपऱ्यात तेलाचा डाग आहे, माझ्याच दिव्याचा. कापलं. घडी करून पिशवीत शिवलं, गळ्यात बांधलं. दुसऱ्या दिवशी पोरीनं खायला मागितलं. आता बोला.

तेच नव्यातही आहे? पोरगी उठते, खायला देतात, सगळं? मग जुन्याचं पाप ते काय? नका सांगू, मला कळायचं नाही. पण आहे ना तेच — मग असं करा, नव्यातलं तेवढं पान मला कापून द्या आणि हे घेऊन जा. पानाला पान. कोयता हा इथंच आहे, धार केलेला. घ्या की. हात का मागं घेतलात? पवित्र आहे म्हणून? आमचंही पवित्रच होतं, भाऊ. तरी मी कापलं. तुम्हांला कापवत नाही, आणि अख्खं जाळायला मात्र निघालात.

ऐका. बाबाच खोकतायत. गोठ्यात ओल आहे, छाती मुळात वाईट त्यांची. हे असे दर खोकल्याला थांबतात ना, तेव्हा वाटतं, आता माझं नाव घेतील. घेत नाहीत. घेतलं असतं तर बरं होतं.

सरका. पिशवी मीच काढते. तुम्ही हात लावू नका तिला. गाठ बसलीय — घामानं घट्ट झालीय — हां. घ्या. उघडून बघा, डाग आहे? आहे ना? मग सांगा बिशपसाहेबांना, कापणारी बाई होती, शमूनी, दिवा लावणारी. म्हाताऱ्यानं काही लपवलं नाही. माझं काय करायचं ते करा. पण आधी जाऊन त्यांचे हात सोडा. आणि पान कुठं मिळालं असं बाबांनी विचारलंच, तर म्हणावं, उंदरांकडे.

हळू बोला. हात गळ्याशी गेला बघा तिचा. झोपेतच चाचपतेय. — आहे गं, शूशन. इथंच आहे. नीज. —

नाही, भाऊ. तिच्या डोक्यावर हात ठेवू नका. आशीर्वाद राहू दे. जा.